इंदूवहिनीचं न पाळलेलं मांजर

निरोप आला तेव्हा मी इंदापूरच्या आमच्या शाळेत सातवीच्या मुलींना कविता शिकवत होते. वालचंदनगरहून येणाऱ्या एस. टी.चा कंडक्टर वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून म्हणाला, "बाई, तुमच्या भावानं निरोप दिलाय. वहिनी झोपल्या म्हणून सांगा म्हणाले. आन तुमी या." मी विचारलं, "कधी झोपली?" तो म्हणाला, "सकाळीच म्हनं." त्याच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं असेल, पण तो कसा होता ते काही केल्या आठवत नाही. मला आनंद झाला होता, एवढं मात्र पक्कं आठवतं. इंदूवहिनीला त्या आधीचे कित्येक दिवस आडवं होऊन झोप अशी लागलेलीच नव्हती. आडवी झाली की तिला धाप लागायची, म्हणून मांडीवरच्या उशांच्या चळतीवर ओणवून बसल्या बसल्या ती डुलक्या घ्यायची. ती झोपली म्हणजे औषध लागू पडलं, असंच माझ्या मनानं घेतलं. मुख्याध्यापकांना सांगून मी निघाले, स्टँडवर चांगली बघून मोसंबी घेतली, आणि गाडीत बसल्यावर, ती उठली की तिला रस काढून द्यायचा, हेच घोळवत राहिले.

दादाच्या क्वार्टरच्या ओळीत शिरले तर बायका आपापल्या दारात उभ्या होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. त्याचंही मला नवल वाटलं नाही. त्या घरातल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून हळू बोलायची सवय त्या ओळीला होतीच. दादा ओट्यावर बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "शांते, इंदू झोपली गं." आणि मी त्याला म्हटलं, "हळू बोल."

पुढं काय झालं, मला कुणी सांगितलं की माझं मला कळलं, पिशवी माझ्या हातातून कुणी घेतली, हे सगळं माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेलं आहे. वहिनी गेली त्याला आता काही आठवडे झाले. इंदूवहिनीबद्दल लिहावं असं मला वाटतं, पण तिच्याबद्दल मला नक्की काय ठाऊक आहे असं विचारलं, तर मी गडबडते. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. तिची एक कविता, एकच, पुण्याच्या एका मासिकात छापून आली होती. कविता मांजराच्या झोपेवर होती. आणि तिच्या घरी मांजर कधीच नव्हतं.

वहिनी लोणी भापकरची. वडील शेतकरी, घरात गुरंढोरं भरपूर. मुलगी हुशार म्हणून तिला बारामतीला मामाकडं ठेवून मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाकी काही येवो न येवो, दिवसा भांड्याचा आवाज करायचा नाही." दादा कारखान्यात साखर शिजवतात त्या खात्यात कामाला होता. हंगाम सुरू झाला की पाळ्या लागायच्या, आणि रातपाळी असली की सकाळी येऊन तो जेवायचा आणि पडायचा. क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत तो झोपलेला आणि मागच्या खोलीत या दोघी सासूसुना. आई तर कंटाळून शेजारी जाऊन बसायची. वहिनी मात्र त्या शांततेत अशी काही रुळली, की मी बघतच राहायचे. ताटं ती एकावर एक ठेवायची नाही, भिंतीला सुटी सुटी उभी करायची. फोडणी दादा यायच्या आधीच देऊन ठेवलेली असायची. चालताना बांगड्या वर सरकवून मनगटाच्या वर घट्ट बसवायची. मी सुट्टीला गेले की आम्ही दोघी मागच्या दारात बसून गहू निवडायचो आणि कुजबुजत बोलायचो. मध्येच ती बोलायची थांबायची आणि मान वळवून पुढच्या खोलीकडं बघत राहायची. एकदा मी विचारलं, "काय गं, जागा झाला का?" तर म्हणाली, "न्हाय वन्सं. उलट आत्ता कुठं लागलीय." दादाची झोप लागली की नाही हे तिला मागच्या दारातून कसं कळायचं, कोण जाणे.

कॉलनीत एक छोटं वाचनालय होतं. तिथून ती मासिकं आणायची. तेव्हा नवकवितेचा मोठा गवगवा होता. आम्ही शिक्षक मंडळी एकत्र जमलो की त्या कवितांची टिंगल करायचो. ना चाल, ना यमक, ना अर्थ. वहिनी मात्र त्या मन लावून वाचायची. मी तिला विचारलं, "तुला कळतं यातलं?" ती म्हणाली, "न्हाय कळत. पर वाचून झाल्यावर घर येगळं दिसतं थोडा वेळ." हे उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

मग तिला मूल झालं. मुलगा होता. पाच-सहा महिने असेल, नसेल. त्याची झोळी पुढच्याच खोलीत टांगलेली असायची, म्हणजे एका बाजूला दादा झोपलेला आणि एका बाजूला बाळ, आणि वहिनी दोघांच्या मध्ये झोळीची दोरी हातात धरून. ते बाळ तापानं गेलं. त्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. लिहायला गेले तरी मला फार काही सांगता येणार नाही, कारण वहिनी माझ्यासमोर एकदाच रडली, आणि तेही मला दोरी सोडायला सांगताना. झोळी काढायची होती आणि तिचा हात पोचत होता, तरी ती म्हणाली, "वन्सं, तुमी सोडा."

त्यानंतर साधारण वर्षानं मी दिवाळीला गेले असताना तिनं माझ्या हातात एक कागद दिला आणि म्हणाली, "हे बघा काय झालंय ते." जणू दूध नासलं असावं आणि मी वास घेऊन सांगावं, तशा आवाजात. कागदावर हे होतं :

मांजर निजलंय.
पाठ — पाण्यात बसलेली म्हैस,
तेवढीच वर.
कान — दोन चिमण्या,
उडायच्या बेतात.
श्वास — दावणीच्या नव्या वासराचा.
शेपूट — उन्हाला आलेला साप,
कुणाला न डसणारा.
पंज्यात वाघ आहे.
तोही निजलाय.
मी हातातलं भांडं खाली ठेवत नाही.
केवढी जनावरं एका झोपेत !
उठलं, की नुसतं मांजर.

मी दोनदा वाचलं. मराठीची शिक्षिका मी, तरी उलट तिलाच विचारलं. म्हटलं, "वहिनी, ही कविता आहे का?" ती म्हणाली, "तेच तर तुमाला इचारतेय." मग मी शिक्षिकेसारखी बोलायला लागले. म्हैस आणि चिमणी एकाच ठिकाणी कशी, वासरू आणि साप यांचा मेळ कसा, उपमा द्यायची तर एक धरून चालावी... ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "पर झोपलेलं असताना ते एक नसतंच ना वन्सं." मी म्हटलं, "कोण?" ती म्हणाली, "मांजर." मी म्हटलं, "पण तुमच्याकडं मांजर आहेच कुठं?" त्यावर ती हसली. "न्हाय. म्हणून तर लिवावं लागलं. असतं तर नुसती बघत बसले असते की."

तिनं ती कविता पुण्याच्या मासिकाला पाठवली आणि ती छापून आली, तिच्या नावानं, सौ. लावून. वहिनीला वाटलं होतं, इतक्या लांबच्या मासिकात कोण बघतंय. पण तेच मासिक कॉलनीच्या वाचनालयात यायचं. दादाच्या खात्यातल्या कुणीतरी ती कविता चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवली. दिवसा झोपणारा तिथं दादा एकटा नव्हता, पण कवयित्रीचा नवरा तो एकटाच. त्या दिवसापासून त्याच्यामागं लागलं. पाळी बदलताना कुणी विचारायचं, "काय, वाघ निजला होता का आज?" कुणी म्हणायचं, "आता उठलास म्हणजे नुसतं मांजर." माणसं वाईट नव्हती. रात्रभर उकळत्या रसाच्या वाफेत उभी राहणारी माणसं, त्यांना हसायला काहीतरी लागतं. पण दादाला ते लागलं. जागेपणी मी कुणीच नाही, असं बायकोनं छापून आणलं, हेच त्यानं धरलं. मी गेले तर मासिक माझ्यापुढं टाकून म्हणाला, "तू मराठी शिकवतेस ना? सांग मला. हा मी नाही, असं मला पटवून दे."

मी त्याला काय पटवून देणार? मलाही तोवर तसंच वाटायला लागलं होतं. भांडं खाली न ठेवणारी बाई वहिनी नव्हती तर कोण होती? वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तुमाला मांजर म्हणायची माझी काय छाती हाय?" तिला वाटलं असेल तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "आजपासून माझ्यासाठी कुणी गप्प बसायचं नाही. वाजव काय वाजवायचं ते."

आणि खरोखर त्यानं तो हट्ट चालवला. रातपाळी करून यायचा आणि झोपायला जाताना ओरडून सांगायचा, "भांडी घास आता." वहिनी घाबरून खरंच भांडी घासायची. आई शेजारणीशी दारातून मोठ्यानं बोलायची. दादा तळमळत पडायचा, पण गप्प करायचा नाही. डोळे लाल व्हायला लागले. जेवताना घास हातात तसाच राहायला लागला. आणि मग एका पाळीला, कामावरच, उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला आणि गरम रस मनगटावर उडाला. चूक त्याचीच होती, तो स्वतःच तसं म्हणायचा. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधून तो घरी आला. आई सांगते, वहिनीनं त्याला काही विचारलं नाही. त्याला खाटेवर बसवलं, डाव्या बाजूला बसून भाताचे घास भरवले, खिडकीला जुनं लुगडं बांधून उजेड अडवला, आणि बाहेर जाऊन ओळीतल्या प्रत्येक दाराशी हात जोडून आली. त्या दिवशी तो संध्याकाळ होईपर्यंत झोपला. त्या पुढं कवितेचा विषय त्या घरात कुणी काढला नाही.

आईनं मात्र काढला, माझ्याजवळ, हळूच. आईला वाचता येत नव्हतं. एवढं काय होतं त्यात, म्हणून तिनं मला ती वाचून दाखवायला लावली. मी वाचली. 'श्वास — दावणीच्या नव्या वासराचा' इथं येईतो आई डोळ्याला पदर लावून बसली होती. म्हणाली, "आगं, आपलं बाळ गं ते. तुमी येडी का खुळी? नवऱ्यावर कुणी असं लिहितं व्हय?" मी पुढं वाचलं तर म्हणाली, "नको, शेवटचं नको वाचू." शेवटी काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पण नको म्हणाली. मग मला वाटलं, हेच खरं असणार. झोळीतलं बाळ. पण झोळीतलं बाळ असेल, तर 'उठलं, की नुसतं मांजर' हे बाळाची आई कुठल्या तोंडानं लिहील? जे पुन्हा उठलंच नाही, त्याच्यावर? मी घोटाळ्यात पडले ती पडलेच.

वहिनीला मी सरळ विचारलं. बारामतीला एका लग्नाला आम्ही दोघी गेलो होतो आणि एस. टी.ची वाट बघत स्टँडवर बसलो होतो. म्हटलं, "वहिनी, तो दादा की बाळ? काय ते एकदाच सांग." तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "वन्सं, लिवताना मला दोघं बी आठवले न्हाईत. आता मात्र वाचलं की दोघं बी दिसतात. तुमी सांगितल्यामुळं दिसतात का आधीच होते, ते मला बी कळत न्हाय." मी म्हटलं, "मग लिहिताना काय आठवलं होतं?" "काय न्हाय. हात भांड्यावर होता. एवढंच." पुन्हा काही लिहिलंस का, असं मी विचारल्यावर तिनं मान हलवली. पण ती मान हो म्हणणारी की नाही म्हणणारी, हेही मला आज सांगता येत नाही. ती गेल्यावर घरात तिच्या हातचं लिहिलेलं काही निघालं नाही. नसेलच.

गेल्या पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. पाय सुजले. कॉलनीतल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि पुण्याला दाखवा म्हटलं. दादा तिला भिगवणहून रेल्वेनं पुण्याला घेऊन गेला. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी सांधे धरून ताप आला असेल, त्यात हृदयाची झडप खराब झालेली आहे. इतकी वर्षं तिनं काढली हेच विशेष. औषधं दिली, मीठ बंद केलं, आणि विश्रांती घ्या म्हणाले. विश्रांती म्हणजे झोप. आणि झोपच तिला येईना.

आणि मग मी एक गोष्ट पाहिली, जी पाहायला मिळाली म्हणून मी स्वतःला नशीबवान समजते. हंगाम चालू होता, पण दादानं रातपाळी मागून घेतली, का तर दिवसा घरी राहता यावं. सकाळी यायचा, आणि झोपायचं सोडून तिच्यापाशी स्टुलावर बसायचा. तिचा डोळा लागला की तो उठायचा, चपला हातात घेऊन अनवाणी बाहेर जायचा, आणि ओळीतल्या बायकांना खुणेनं सांगायचा. भाजीवालीला कोपऱ्यावरच गाठायचा. त्याला ते काही नीट जमत नव्हतं. चहाचं आधण ठेवताना झाकण हातातून हमखास पडायचं, आणि मग तो स्वतःच डोकं धरून उभा राहायचा. वहिनी डोळे मिटूनच हसायची. एकदा मला म्हणाली, "वन्सं, त्यांना सांगा, मी जागीच हाय. वाजू द्या." मी सांगितलं नाही. तिलाही ते खरं नको असावं.

मी तेव्हा दर रविवारी जात होते. एका रविवारी दादा मला मागच्या दारात घेऊन गेला. म्हणाला, "शांते, ती झोपते ना, तेव्हा मी बघत बसतो. आधी नुसता श्वास मोजायचो, चाललाय की नाही ते. आता..." आणि थांबला. मी म्हटलं, "आता काय?" तो म्हणाला, "तुला हसू येईल." मी म्हटलं, नाही येणार. तर तो म्हणाला, "तिची पाठ. श्वास घेताना वर येते आणि जाते. मला लोणीचा ओढा दिसला. आमच्या लग्नात त्यात म्हशी बसल्या होत्या." त्याला कविता आठवली होती की त्याला ते आपोआप दिसलं होतं, हे मी विचारलं नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की आपल्याला काय होतंय ते त्याचं त्यालाही उमगत नव्हतं. म्हणाला, "मग ती कविता मला बघून लिहिलेली असेल, तर ती वाईट नव्हती गं. मी तिला काय काय बोललो." मी म्हटलं, "तिला सांग की." तो म्हणाला, "उठली की सांगतो."

दहाव्याला लोणीहून तिचे वडील आले होते. आबा आता पुष्कळ थकलेत. सगळं आटोपल्यावर घाटावरच्या झाडाखाली बसले असताना मी न राहवून त्यांना कवितेबद्दल सांगितलं. त्यांना लेकीनं कविता केल्याचं ठाऊकच नव्हतं. मी ती म्हणून दाखवली. सगळी ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्याकडं व्हतं की मांजर. करड्या रंगाचं, बोकोबा. पोरगी त्याला लई भ्यायची. जागं असलं की चुलीपाशी बी यायची न्हाय. पर त्ये निजलं का येऊन बसायची फुड्यात. तासंतास. माय हाका मारून थकायची." मला वाटलं, सुटलं एकदाचं कोडं. दादा नाही, बाळ नाही, लोणीच्या चुलीपाशी झोपलेला एक खराखुरा बोका. मी म्हटलं, "म्हणजे आबा, ती त्याच्यावरच आहे." आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पर बाई, तितं तर उलटं सांगितलंय. उठल्यावर नुसतं मांजर, म्हणती. आमची तर उठल्यावरच भ्यायची." मग जरा वेळानं म्हणाले, "का मोठी झाल्यावर भ्या गेलं आसंल तिचं?"  

कवितेचा अर्थ लागला नाही म्हणून एरवी माझं काही अडत नाही. वर्गात मी वर्षानुवर्षं अर्थ सांगत आले आहे, मुली लिहून घेतात, पास होतात. पण ही कविता माझ्याच माणसाची आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीत मला कुणी ना कुणी घरातलं दिसतं, आणि पुढच्या ओळीला ते माणूस तिथं बसत नाही. दादा म्हणावं तर साप कुठला? बाळ म्हणावं तर वाघ कुठला? कधी कधी मला वाटतं, झोपलेलं तीच होती. आमच्या घरात ती इतकी वर्षं आवाज न करता वावरली, तिच्या आत काय काय होतं ते आम्ही पाहिलं नाही, आणि आम्हाला दिसली ती नुसती वहिनी. पण हेही मी आता, ती गेल्यावर म्हणते आहे. ती असती तर म्हणाली असती, "वन्सं, मांजर हाय ते."

परवाच्या रविवारी मी वालचंदनगरला गेले होते. हंगाम संपलाय, दादाला आता दिवसपाळी आहे, म्हणजे रात्री झोपायचं. पण त्याला झोप येत नाही, असं आई सांगत होती. आई शेजारी गेली आणि आम्ही दोघंच राहिलो. दुपारची वेळ. जेवणं झाली होती. दादा खाटेवर बसला होता, पाय खाली सोडून. आपणहून बोलायला लागला.

"त्या सकाळचं मी कुणाला सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी पाळीवरून आलो. तिचा डोळा लागलेला होता, उशीवर मान कलती करून. मी स्टुलावर बसलो. आज फार बरी दिसतेय म्हटलं. बघत होतो. आणि तिनं डोळे उघडले. मला म्हणाली, काय बघताय?"

मी खाटेजवळ सरकून बसले.

"मला सांगायचं होतं गं. सगळं सांगायचं होतं, म्हशी, चिमण्या, सगळं. मला ते दिसत होतं त्या वेळी. पण मी म्हणालो, काही नाही. निज तू." त्यानं उजव्या मनगटावरून डावा हात फिरवला. "ती म्हणाली, बरं. आणि निजली. तेवढंच."

"तिला कळलं असेल, दादा," मी म्हटलं.

"कशावरून?"

 तो माझ्याकडं बघत होता, लहानपणी गणित अडलं की बघायचा तसा, म्हणजे मला येत नाही हे ठाऊक असून. मग त्यानं पाय वर घेतले, भिंतीकडं तोंड केलं आणि पडला. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. आई म्हणाली होती की तो झोपत नाही, पण तो झोपला होता.

मी पेपर तपासायला आणले होते, ते तसेच मांडीवर राहिले. मी त्याच्याकडं बघत बसले. मुद्दामच. म्हटलं, वहिनीला दिसलं, दादाला दिसलं, मला काय दिसतं ते बघू. त्याची पाठ वर येत होती, खाली जात होती. मी म्हैस आठवून पाहिली. वासरू आठवून पाहिलं. बराच वेळ प्रयत्न केला. मला काही दिसलं नाही. दाढीचे खुंट पांढरे व्हायला लागलेला, सदऱ्याची काखेतली शिवण उसवलेला माझा भाऊ दिसला. ती शिवण आता कोण घालणार, असं मनात आलं आणि सुईदोरा कुठं असतो ते शोधायला उठावंसं वाटलं, पण मी उठले नाही. उन्हं दारातून आत आली, खाटेच्या पायापर्यंत पोचली. शेजारच्या बाई वाटीत काहीतरी झाकून घेऊन दारात आल्या, आमच्याकडं पाहून तशाच परत गेल्या.

कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा तो जागा झाला. आपण कुठं आहोत हे त्याला क्षणभर कळलं नसावं. मला तिथंच बसलेली बघून म्हणाला, "अगं, तू अजून इथंच? काय करत बसलीस?"

"बघत होते," मी म्हटलं.

"काय?"

"तुला."

तो माझ्याकडं बघत राहिला.  मग उठून मोरीत गेला, आणि पाण्याचा तांब्या भरभरून बराच वेळ तोंडावर मारत राहिला.